दुसऱ्यांदा येईल तो गिऱ्हाईक

आमच्या कंपनीतून माल कमी निघतो आणि किस्से जास्त. माल निदान कंटेनरमध्ये बसून जातो तरी. किस्सा कुठेच जात नाही. तो इथेच शेडमध्ये पडून राहतो, त्याच्यावर दुसरा येऊन पडतो, मग तिसरा. घरी पाहुणा आला आणि त्याने चुकून विचारलं, "काय मग सुनीताताई, काय म्हणते तुमचं ऑफिस?" की आमचे हे चहाचा कप उचलून आतल्या खोलीत जातात. त्यांना सगळे पाठ झालेत. तुम्ही नवीन आहात, तुम्ही बसा.

तर रायपूरजवळच्या उरल्यात, दोन रोलिंग मिलांच्या मधल्या बोळात आमची शेड आहे. तिथे आधी टिनाच्या पेट्या बनायच्या. लग्नात पोरीसोबत द्यायच्या, झाकणावर गुलाबाची फुलं रंगवलेल्या, त्या पेट्या. हा बाबूजींचा धंदा. बाबूजी म्हणजे आमचे मोठे मालक, सदर बाजारात त्यांचं जुनं दुकान. पेट्या अजूनही खपतात बरं का, अभनपूरच्या बाजारात आजही जातात. हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळं रामायण त्याच्यावरच आहे.

बाबूजींचा मुलगा संजू भैया एकदा मित्रांसोबत हिमाचलात सायकल चालवायला गेला. परत आला तो नाकाची सालं निघालेली आणि डोक्यात खूळ घुसलेलं. म्हणे, आपण सायकलचं आणि बाहेर फिरायचं सामान बनवू. तंबू, स्लीपिंग बॅगा, सायकलच्या पिशव्या, कॅरिअर. आणि विकू परदेशात! तेही युरोप-अमेरिकेत नाही, तिथे सगळे आधीच बसलेत. जिथे लोक आत्ता कुठे हे सामान घ्यायला लागलेत, त्या देशांत.

बाबूजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "घर में जगह कम है क्या, जो बाहर सोओगे?"

पण पोरगा एकुलता एक. अर्धी शेड दिली, पुढच्या दिवाळीपर्यंत मुदत दिली, आणि अट घातली. "पहली बार तो कोई भी फँस जाता है बेटा. दूसरी बार जो आए, वो ग्राहक. दिवाली तक एक भी ग्राहक दूसरी बार आया, तो पूरा शेड तेरा. नहीं आया, तो पेटी!"

आता पेटीला एक्सपोर्टचे कागद लागत नाहीत, म्हणजे मी घरी. पेटीला ई-मेल लागत नाही, म्हणजे आमची पिंकी घरी. आणि पेटीला शिलाई तर लागतच नाही, म्हणजे बिरगावहून चालत येणाऱ्या आमच्या शिलाई हॉलच्या सगळ्या बायका घरी. म्हणून आमच्याकडे ऑर्डर आली की कोणी नाचत नव्हतं. सगळे विचारायचे, "पहिली का दुसरी?"

बाबूजींनी कंपाउंडमधल्या निंबाखाली खुर्ची टाकली, बरोब्बर गेटकडे तोंड करून. तिथे ते पेपर वाचत बसायचे, आणि दुसऱ्यांदा कोण येतं ते बघायचे.

* * *

पहिला माल तंबूंचा. मस्त नारंगी रंगाचे. संजू भैयाने कंपाउंडमध्ये एक तंबू उभा केला, सकाळी फोटो काढायचे म्हणून. पण फोटोवाला रायपूरचा. सकाळी म्हणजे तो दुपारी चार वाजता आला.

उरल्यात दिवसभर एखादी वस्तू बाहेर ठेवली तर काय होतं हे उरल्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. बायका इथे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला घेतात. तंबू पार राखाडी झाला होता. वर मिलच्या धुराड्याची काजळी, खाली ट्रकची धूळ. फोटोवाला म्हणाला, "रंग बढ़िया है भैया!" आणि फोटो काढून गेला.

मध्य आशियातल्या एका पार्टीला फोटो गेले. लगेच उत्तर! 'हा चारकोल रंग फार आवडला. सगळा माल याच रंगात द्या.'

शेडमध्ये नारंगी तंबूंचा ढीग लागलेला. संजू भैया डोकं धरून बसला. मेश्राम काका, आमचे फोरमन, अजिबात घाबरले नाहीत. मेश्राम काकांना घाबरताना मी पाहिलंच नाही. चुकतात खूप, पण घाबरत नाहीत. म्हणाले, "त्यात काय आहे? सगळे तंबू आठ दिवस बाहेर ठोका. फुकटात रंग होऊन राहिला ना!"

आणि खरंच ठोकले हो! आमच्या कंपाउंडमध्ये जत्रा भरल्यासारखी दिसत होती. एकात गाय बसली, तिला उठवायला दुपार गेली. आठ दिवसांनी सगळा माल एकसारखा चारकोल. पिंकी म्हणाली, "दीदी, बारिश होगी तो?"

मी म्हटलं, "गप बस, तिकडे वाळवंट आहे."

वाळवंट नव्हतं. तिकडे एक पाऊस पडला आणि पार्टीचा मेल आला. त्यात फक्त फोटो होता. डोंगरात रांगेने उभे नारंगी तंबू, आणि प्रत्येकाच्या बुडाशी काळं पाणी.

दुसरी ऑर्डर? राम राम म्हणा.

* * *

पिंकीबद्दल सांगायचं राहिलंच. पिंकी देशकर. आजोबा नागपूरचे, वडील रेल्वेत, ही जन्मली-वाढली रायपुरात. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. रोज! मी म्हणायची, "अगं, मराठी येते ना तुला?" ती म्हणायची, "समझती हूँ दीदी, बोलने में शरम आती है." इंग्रजीत मात्र अख्ख्या जगाशी भांडायची, तिथे शरम नाही.

दक्षिण अमेरिकेत आमचा पहिला कंटेनर निघाला तेव्हाची गोष्ट. कंटेनर निघणार म्हटल्यावर बाबूजी निंबाखालून उठले. धंदा बंद करायचा असला तरी माल अपशकुनात जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. नारळ फोडला, दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि कोणाचं लक्ष नसताना आतल्या कडीला निंबू-मिरची बांधली. आपल्याकडे ट्रक काय, ठेला काय, निंबू-मिरचीशिवाय हलतो का?

तिकडच्या बंदरावर कंटेनर अडकला. मेल आला, 'आपल्या मालात न कळवलेली फळं आणि भाजी सापडली आहे. खुलासा करा.'

आम्ही पॅकिंग लिस्ट चार वेळा वाचली. भाजी कुठून आली? शेवटी त्यांनी फोटो पाठवला. एक सुकलेलं निंबू, सात सुकलेल्या मिरच्या.

पिंकीने अर्धा दिवस डोकं लावून उत्तर लिहिलं, 'ही खाण्याची वस्तू नाही. ही मालाच्या सुरक्षेची व्यवस्था आहे.'

उलट टपाली प्रश्न आला, 'सुरक्षा कोणापासून?'

पिंकी मेल घेऊन निंबाखाली गेली आणि बाबूजींना विचारलं. बाबूजींनी पेपरातून मान वर न करता सांगितलं, "लिख दो, इन्हीं से!"

* * *

मे महिन्यात आम्हाला स्लीपिंग बॅगची ऑर्डर मिळायची होती. पार्टी डोंगराळ देशातली. म्हणाली, थंडीत माणूस झोपवून टेस्ट करा आणि व्हिडिओ पाठवा.

मे महिना. रायपूर. थंडी!

नळाला हात लावला तर भाजत होता. पण मेश्राम काकांकडे उपाय तयार. "अभनपूरले आपल्या साडभावाच्या ओळखीचं कोल्ड स्टोरेज आहे. बटाट्याचं. तिथं झोपा."

संजू भैया स्वतः गेला. बटाट्याच्या बोऱ्यांच्या मधोमध बॅग पसरली, आत शिरला, चेन गळ्यापर्यंत ओढली. मी आणि पिंकी बाहेर झाडाखाली घाम पुसत बसलो. तासाभराने त्याला बाहेर काढायला गेलो, तर तिथला मुन्शी दारात आडवा.

"पर्ची?"

मी म्हटलं, "कसली पर्ची? आमचा माणूस आहे आत."

"जो सामान अंदर जाता है, पर्ची पे जाता है, पर्ची पे आता है. आपका सामान बिना पर्ची अंदर कैसे गया?"

त्याला समजावलं की ते सामान नाही, ते आमचे मालक आहेत. तो म्हणाला, "मालिक हो चाहे आलू, नियम एक है." शेवटी पर्ची फाडली. मालाचं नाव, संजू. नग, एक. प्रत, उत्तम. मी सही केली आणि माल सोडवला.

आत जाऊन बघतो तर संजू भैया गाढ झोपलेला! घोरत होता. बापा, मे महिन्यात इतक्या सुखाने रायपुरात कोणी झोपलं नसेल. व्हिडिओ इतका झकास आला की पार्टीने लगेच ऑर्डर दिली. पहिली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिलाई हॉलच्या झाडून सगळ्या बायका माझ्या टेबलासमोर. "दीदी, अब्बड़ घाम हे. आज टेस्टिंग बर कोन जाही?"

छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन; फार ऊन आहे, आज टेस्टिंगला कोण जाणार, असं त्या विचारत होत्या. घाम तर आम्हाला सगळ्यांनाच आला होता.

* * *

आता मेश्राम काकांचं कॅरिअर.

काका मूळ भंडाऱ्याचे. सकाळी आले की "जय भीम दीदी!" असं दणक्यात म्हणायचे, की शेजारच्या मिलमध्ये शिफ्ट बदलायची. पेट्यांच्या काळापासून इथेच आहेत. त्यांच्या हातून काही नाजूक होत नाही, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान आहे.

एका पार्टीने सायकलच्या कॅरिअरचं ड्रॉइंग पाठवलं. हलकं, बारीक नळीचं. खाली लिहिलेलं, जास्तीत जास्त वजन पंचवीस किलो.

काकांनी ड्रॉइंग लांब धरून पाहिलं. "पंचवीस किलो? काय ठेवाचं आहे त्यायले, पोळीचा डबा?"

संजू भैया म्हणाला, "काका, वो लोग उस पर बैठते नहीं. बैग रखते हैं."

"मंग बायको कुठं बसते?"

संजू भैयाचं तोवर लग्न झालं नव्हतं.

"हे पाय, मी सांगतो तुले," काका म्हणाले. "ज्याच्यावर बायको बसत नाही ते कॅरिअर नाही. आन् बायकोच्या मांडीवर पोट्टं. आन् पोट्ट्याच्या हातात थैली. मी लग्नानंतर कमलले भंडाऱ्याहून पवनीले सायकलवर घेऊन गेलो. कॅरिअर मोडलं असतं तर संसार मोडला असता!"

आणि शेजारच्या मिलमधून सळई आणून काकांनी आपल्या मनाने कॅरिअर केलं. टेस्ट घ्यायला कमलकाकींनाच बोलावलं. काकी दुपारचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या बसल्या, काकांनी सायकल चालवली, कंपाउंडला फेरी मारली. कॅरिअरचं काही हललं नाही. पिंकी टेस्ट रिपोर्ट भरायला बसली आणि विचारलं, "काकी, आपका वज़न?"

काकींनी डबा खाली ठेवला. "काहून? तुले काय कराचं आहे माझ्या वजनाचं?"

"रिपोर्ट में लिखना है."

"लिहून तर पाय! सगळ्या दुनियेत वाटतेस का माझं वजन?"

त्यामुळे आमच्या रिपोर्टमध्ये वजनाच्या रकान्यात लिहिलं गेलं, 'गोपनीय'.

माल गेला. महिन्याभरात पार्टीचं पत्र आलं. 'आम्ही आपलं कॅरिअर आमच्या सायकलला लावून, माणूस बसवून पाहिलं. सायकल वाकली. कॅरिअर ठीक आहे. आता काय करावं ते कळवा.'

संजू भैयाच्या तोंडचं पाणी पळालं. काका मात्र ते पत्र शिलाई हॉलमध्ये घेऊन फिरले. "पाहा! कॅरिअर ठीक आहे म्हणते!"

सगळा माल परत आला, आणि शेडच्या कोपऱ्यात छतापर्यंत रचून ठेवला. बाबूजी एकदा आत डोकावले, ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतने लोहे में तो कितनी पेटी बन जाती."

* * *

दिवाळीच्या आधी एकदा आम्ही जिंकलोच होतो. निदान एक तासभर.

तंबूच्याच धंद्यातले एक परदेशी पाहुणे दोन दिवसांसाठी आले. आता पाहुणा आला म्हणजे आधी जेवण, हे आपलं. सकाळी माझ्याकडे पोहे, वर तर्री. तिथून मेश्राम काकांकडे वडाभात. मग पिंकीच्या आईला राग आला, आमच्याकडे काहून नाही? तिथे पाटवडी. संध्याकाळी संजू भैयाच्या घरी छप्पन भोग. दुसऱ्या दिवशी पाहुण्याचं पोट बिघडलं, तर त्याला ताकभात द्यायला पुन्हा माझ्याकडे. असे दोन दिवस गेले, आणि विमानाची वेळ झाली तेव्हा लक्षात आलं, की पाहुण्याला शेड दाखवायचीच राहिली!

मी निघताना त्याच्या हातात जवसाच्या चटणीची बरणी दिली. काहीतरी द्यायचं म्हणून.

तरीही त्याने जाऊन पिशव्यांची छोटी ऑर्डर दिली. माल गेला. आणि काही आठवड्यांनी पिंकी किंचाळत माझ्या टेबलाशी आली, "दीदी! रिपीट! विषय में लिखा है रिपीट ऑर्डर!"

मी मेल वाचलाच नाही. काकांनी थाळी वाजवली, शिलाई हॉलच्या बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, संजू भैयाने पेढे आणले आणि बाबूजींच्या पाया पडला. बाबूजी म्हणाले, "पढ़ो तो सही."

पिंकीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि मध्येच तिचा आवाज उतरला. पाहुण्याला पिशव्या नको होत्या. त्याला जवसाची चटणी हवी होती. जितकी जमेल तितकी.

बाबूजींनी पेढा तोंडात टाकला. "दूसरी बार आया तो सही. पर चटनी के लिए! संजू, दीदी को रख ले, साइकिल बंद कर दे."

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगते, घरी जाऊन मला रडू आलं. चटणीची तारीफ झाली म्हणून का नोकरी जाणार म्हणून, ते माझं मलाच कळेना. आमचे हे म्हणाले, "अगं, चटणी तर चांगलीच आहे." मी बोललेच नाही त्यांच्याशी.

* * *

दिवाळी तोंडावर आली. एक दिवस गेटमधून पत्र्याचा ट्रक आत आला, पेट्यांचा पत्रा. बाबूजींनी कोणाला काही विचारलं नव्हतं, वाद तर घातलाच नव्हता. मुदत ठरली होती, ती संपत आली होती. शिलाई हॉलमधला रोजचा कलकल आवाज बंद झाला. बायका मशीनला तेल घालत बसल्या, काम नसताना.

त्याच आठवड्यात मलावीहून मेल आला. मिस्टर चिर्वा. हे कोण म्हणाल, तर कोपऱ्यातलं ते परत आलेलं कॅरिअर पिंकीने कंटाळून कॅटलॉगमध्ये 'अतिशय मजबूत' असं लिहून टाकलं होतं, आणि या माणसाने त्यातली थोडी मागवून घेतली होती. ती पहिली ऑर्डर. आता लिहिलं होतं, 'मी स्वतः येतो आहे. एक गोष्ट पाहायची आहे. ती पटली तर बोलू.'

आले. उंच, सडपातळ, पन्नाशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी पोह्यांकडे वळले, तर संजू भैयाने मला डोळ्यांनीच थांबवलं. यावेळी आधी शेड!

चिर्वा साहेबांनी तंबू पाहिले नाहीत, बॅगा पाहिल्या नाहीत. सरळ कॅरिअरपाशी गेले आणि हात फिरवला. मग पिंकीमार्फत आम्हाला समजावलं. त्यांच्या गावाकडे सायकलची टॅक्सी चालते. चालवणारा पुढे, सवारी मागे कॅरिअरवर. मजबुती त्यांनी घरी तपासली होती, त्यात शंका नव्हती.

"पण कॅरिअर चालवणाऱ्याला आवडून काय उपयोग?" ते म्हणाले. "मागे बसणाऱ्याला आवडलं पाहिजे. तो एकदा बसला आणि परत बसला नाही, तर माझा धंदा बुडाला. माझ्या गावात सगळे मला ओळखतात, माझ्या तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. म्हणून इथे आलो. मला एक माणूस द्या. चांगला वजनदार. आणि तुमच्या फायद्यासाठी खोटं बोलणार नाही असा."

मेश्राम काका पुढे सरकले. "मी बसतो."

"तुम्ही नाही," चिर्वा साहेब म्हणाले. "कॅरिअर तुम्हीच केलंय."

संजू भैयाने माझ्याकडे पाहिलं, मी पिंकीकडे. शेडमध्ये आमच्या फायद्यासाठी खोटं बोलणार नाही असा एकही जण नव्हता. सगळ्यांच्या घरच्या चुली त्याच कॅरिअरवर टेकल्या होत्या. आणि मग आम्ही सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर पाहिलं.

निंबाखाली बाबूजी पेपर वाचत होते. चांगले वजनदार.

"मैं?" बाबूजी म्हणाले. "पीछे?"

चिर्वा साहेबांनी हात जोडले, नमस्ते म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून कॅरिअर पुसलं. शिलाई हॉलमधून एका बाईने घाईघाईने उशी आणली, उरलेल्या तंबूच्या कापडाची. वरून राखाडी, खालून नारंगी. बाबूजींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. माणूस इतक्या लांबून आलाय, पाहुणा आहे, नाही कसं म्हणणार! पेपरची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि धोतर सावरून एका बाजूला पाय सोडून बसले.

"बाबूजी, घट्ट धरा!" काका ओरडले.

"तुम चुप रहो. जैसा होगा, वैसा बोलूँगा," बाबूजी म्हणाले, आणि चिर्वा साहेबांनी सायकल गेटबाहेर काढली.

समोर उरल्याचा रस्ता. खड्डे आणि सळयांचे ट्रक. सायकल वळणावर दिसेनाशी झाली. आम्ही सगळे गेटवर. शिलाई हॉल गेटवर, काका गेटवर, चौकीदार आधीपासूनच गेटवर.

कमलकाकी डबा घेऊन आल्या. "काहून सगळे इथं?"

काकांनी सांगितलं. काकी म्हणाल्या, "बाबूजीचं वजन लिहिलं का?"

"नाही."

"मंग माझंच काहून विचारून राहिले होते?"

कोणी हसलं नाही. वेळ जात होता. चहा पिऊन यावं इतका वेळ गेला, तरी पत्ता नाही. खड्ड्यात पडले असतील का? भांडण झालं असेल का? बाबूजी रिक्षाने येत असतील का? एवढ्यात माझ्या बाजूला कोणीतरी माझा हात घट्ट धरला.

"ताई, मला भीती वाटून राहिली."

पिंकी! मराठीत! दुसरा कुठला दिवस असता तर मी तिला पेढा भरवला असता. त्या दिवशी नुसतं म्हटलं, "मलाही गं."

मग वळणावर धूळ उठली. ट्रकच्या मागून सायकल आली. चिर्वा साहेबांचा पांढरा शर्ट चारकोल झाला होता. मागे बाबूजी. एक हात चिर्वा साहेबांच्या कमरेला, दुसरा हात वर करून मागच्या ट्रकला थांब म्हणून खुणावत होते. सायकल गेटमधून आत आली आणि निंबाखाली थांबली.

संजू भैया पुढे धावला, बाबूजींचा हात धरला. "बाबूजी, उतरिए. धीरे से."

बाबूजींनी त्याचा हात बाजूला केला. आपल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. कॅरिअरच्या ढिगाकडे पाहिलं, पत्र्याच्या ट्रककडे पाहिलं. मग धोतरावरची धूळ झटकली, उशी जरा नीट सरकवून घेतली, आणि चिर्वा साहेबांच्या पाठीवर थाप मारली.

"चलो. एक चक्कर और."